राजाच्या छातीवरचं जनावर

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, लातुरातल्या आमच्या गल्लीत हणमंतरावांच्या ओट्यावर शर्त लागली. शर्त एवढीच, की चांदीच्या जुन्या रुपयावर जो इंग्रजांचा राजा हाय, त्याच्या छातीवरच्या माळेत एक बारकं जनावर हाय, ते हत्ती हाय का डुक्कर. हणमंतराव म्हणाले हत्ती. मी म्हणालो डुक्कर. हरंल त्यानं पोळ्याला देवणीला जायचं आणि अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ घालून मारुतीच्या देवळाला पाच फेऱ्या मारायच्या. बैल म्हणून. दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर.

फुटाणे खाता खाता माणूस काय काय कबूल करतो.

तसा मी भोळा माणूस न्हाई. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क हाय, म्हंजे जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं बसून मी पाण्याच्या फायली सांभाळतो. इतक्या कोरड्या कामात करमणूक लागते, म्हणून मी गल्लीची करमणूक करतो. दोन वर्षांमागं मी नुसतं एवढंच म्हणालो होतो, की ऐकलंय ब्वा, घरटी बादल्यांची मोजणी होणार हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांनी ओट्यावर सतरा बादल्या ओळीनं लावल्या, प्रत्येकीवर खडूनं नंबर टाकला आणि संध्याकाळपर्यंत वही घेऊन मोजणीवाल्याची वाट बघत बसले. रिटायर हेडमास्तर ते. त्यांनी मला त्यासाठी माफ केलं न्हाई आणि मीही माफी मागितली न्हाई. त्यामुळं आमचं येणंजाणं चांगलं हाय.

तर तो रुपया. हणमंतरावांच्या मंडळी, म्हंजे आमच्या तारामतीवहिनी, श्रावणात दर शुक्रवारी लक्ष्मीची पूजा मांडतात. पूजेच्या मधोमध तांदळाच्या राशीवर तो रुपया. आमच्या भागात जुनी माणसं त्याला कलदार म्हणायची, निजामाच्या हाली रुपयापेक्षा वजनदार चीज. हणमंतरावांच्या वडलांनी कुठूनसा आणला आणि सांगितलं, राजाच्या अंगावर हत्ती हाय, हत्ती म्हंजे गजलक्ष्मी. तेव्हापासून पाऊणशे वर्षं त्या राजाला हळदीकुंकू लागून राहिलंय. लंडनच्या माणसाला एवढं कुंकू दुसऱ्या कुठल्या गावानं लावलं नसंल.

त्या दिवशी प्रसाद घेताना मी तो हातात घेतला. दुपारची उतरती उन्हं ओट्यावर आलेली. चांदी जुनी झाली की तिचा उजेड बदलतो, तसा तो रुपया कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा मंद दिसून राहिला होता. मी उलटा केला. साल १९११.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. आठच दिवसांमागं मोबाईलवर वाचलेलं, की १९११ च्या रुपयाला जुन्या नाण्यांच्या नादातली माणसं ‘डुक्कर रुपया’ म्हणतात. पुढचं काय ते मी वाचलं न्हाई, कारण तेवढ्यात साहेब आले.

“वहिनी,” मी म्हणालो, “एक विचारू का? देव्हाऱ्यात डुक्कर कसं काय बसवलं?”

वहिनींच्या हातातली फुटाण्याची वाटी तशीच राहिली.

“बालाजी, तोंड सांभाळ,” हणमंतराव म्हणाले. “हत्ती हाय तो. आमच्या बाबांनी सांगितलेलं हाय.”

“बाबांनी सांगितलं असंल गुर्जी. डुकरानं काय सांगितलं ते विचारलं का?”

“लई माजलाय तू. बैलच करतो तुझा, थांब.” आणि तिथनं ती झूल, ते बाशिंग, त्या पाच फेऱ्या. देवणी त्यांचं गाव, तिथं सहा एकर रान हाय, म्हणून देवणी. जाणकार माणूस सांगंल तो निकाल शेवटचा, असंही ठरलं. मी लगेच हात पुढं केला. साल वाचलेलं होतं ना मी.

घरी आल्यावर चंद्रप्रभानं, म्हंजे माझ्या बायकोनं, एकच प्रश्न विचारला. “देवणीला म्हंजे बजरंगरावांच्या देवणीला?”

आता हे बजरंगराव म्हंजे आमचे होणारे व्याही. आमच्या ऋतुजाचं त्यांच्या वरदशी ठरलेलं, लग्न दिवाळीनंतर. माणूस लई कडक. जनावरांच्या प्रदर्शनात देवणी बैलांना नंबर देणारे पंच. साखरपुड्यात ते अडीच तास बसले आणि एकदाही हसले न्हाईत. मला फक्त एवढंच म्हणाले, “तुमचं खातं पाणी सोडतं का नुसतं लिहितं?” आणि त्यांचं घर मारुतीच्या देवळाच्या बरोब्बर समोर.

“अगं पण मी हरणार न्हाई,” मी म्हणालो.

“मागं बादल्या मोजायलाही कुणी येणार नव्हतं,” ती म्हणाली, “तरी माणसं ओट्यावर बसलीच ना?”

यात मुद्दा काय होता ते मला कळलं न्हाई, पण त्या दिवसापासून जेवताना माझ्या कानात बारीक घुंगरं वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी गल्लीनं पंचनामा केला. कोपऱ्यावरचे नागप्पा घड्याळवाले डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले. भिंग उसनं द्यायला त्यांचा जीव होईना, म्हणून भिंगाबरोबर तेही आले आणि चहाबरोबर दोन तास बसले. एकेकानं राजाच्या छातीकडं बघितलं. नागप्पा म्हणाले कासव हाय. दूधवाला म्हणाला म्हैस हाय आणि फॅट कमी हाय. वरच्या मजल्यावर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी स्वप्नाली लई वेळ भिंग लावून बसली आणि म्हणाली, “काका, वरीलपैकी एकही नाही.”

मी भिंग लावलं तेव्हा मात्र मला सगळं जगच दिसलं. राजाच्या दाढीतला केस न केस. झग्यावरची वेलबुट्टी. माळेतली एकेक कडी. आणि त्या सगळ्यावर कुंकवाचा थर, लाल मुरमाच्या टेकड्यांसारखा. त्या टेकड्यांच्या मधी ते जनावर पाठ वर काढून बसलेलं. भिंगातनं डोळा काढावासा वाटंना. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत माणूस फिरायला जाऊ शकतो हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. नागप्पा दोनदा म्हणाले, “भिंग द्या,” आणि मी दोनदा म्हणालो, “येतोच.”

“हे जनावराचं काम हाय,” नागप्पा शेवटी म्हणाले. “जनावराच्या डॉक्टरला दाखवा.”

गल्लीत सल्ला मिळायला लागला की माणसाचे पाय आपोआप चालतात. सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि मी न् हणमंतराव एका जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर तीन शेळ्या, एक वासरू, आणि रांगेत आम्ही. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पुढं ओढला.

“जनावर काय हाय?”

“तेच विचारायला आलोय.”

“कुठं हाय?”

हणमंतरावांनी धोतराच्या कनवटीतनं रुपया काढून टेबलावर ठेवला. कारकुनानं त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.

“आजारी हाय का?”

“न्हाई.”

“मयत?”

“तसंही म्हणता येत न्हाई.”

“कानातला बिल्ला नंबर सांगा.”

“साहेब, कानच दिसंना, म्हणून तर भांडण हाय.”

“बिल्ल्याशिवाय दाखला निघत न्हाई.” त्यानं फॉर्म परत ओढला. “आणि ऐका. हत्ती असंल तर ते आमच्याकडं येत न्हाई, वनखात्यात जा. मोकाट डुक्कर असंल तर महापालिका. पाळीव डुक्कर असंल तर आमच्याकडं, पण मालकाला घेऊन या.”

“मालक लंडनला असतात,” हणमंतराव म्हणाले.

“वारले ते,” मी म्हणालो.

“मग वारस घेऊन या. पण आधी जनावर कुठलं ते ठरवा, म्हंजे कुठल्या खात्यात जायचं ते कळंल.”

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. इतकं गोल उत्तर मी कधी कुणाला दिलेलं न्हाई. मला त्या पोराचे हात हातात घ्यावेसे वाटले. तेवढ्यात आतनं डॉक्टर वासराला सुई देऊन आले. हणमंतरावांनी त्यांच्यापुढं रुपया धरला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, रुपया उजेडाला धरला आणि शांतपणे म्हणाले, “पोटाची ठेवण बघता गाभण वाटते.” आणि शेळ्यांकडं गेले.

परत येताना रिक्षात हणमंतरावांनी रुपया परत कनवटीला लावला. मी दोन-तीनदा “बारसं कुठं करायचं” असं विचारून बघितलं.

मग नागप्पांनीच नांदेडचं नाव काढलं. तिथं रेणुकादास नावाचे एक म्हातारे गृहस्थ हाईत, बँकेतनं रिटायर, चाळीस वर्षं जुन्या रुपयांचाच नाद. त्यांचा शब्द म्हंजे निकाल. रविवारी जायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी तारामतीवहिनींनी रुपया एका डबीत घातला, बरोबर सुपारी, हळकुंड, तांदूळ, आणि डबी माझ्या हातात दिली, कारण बसची तिकिटं मी काढणार होतो आणि सगळं एका जागी असावं. पोरगी सासरी धाडावी तशी त्यांनी ती दिली. मी ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली आणि तिकिटं काढायला मोबाईल घेऊन बाहेर बसलो.

चंद्रप्रभा तेव्हा देवाची भांडी घासायला बसलेली. समई झाली, ताम्हण झालं, पळी झाली. डबी उघडी दिसली. माझी बायको चांगल्या घरातली हाय, दुसऱ्याची वस्तू मळकी परत देत न्हाई.

मी आत गेलो तेव्हा चिंचेचा कोळ, राख, आणि त्यात राजा. तिनं तो नळाखाली धरला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. “किती वर्षांचं किटण होतं हो,” ती म्हणाली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. रुपया नुकता उगवलेल्या चंद्रासारखा दिसत होता आणि कुंकवाच्या टेकड्या गेल्या होत्या. जनावर पहिल्यांदा उघड्यावर आलेलं. आखूड तोंड, गोल पाठ, बारके पाय. डुक्कर. शंभर टक्के डुक्कर. मी स्वयंपाकघरातच दोन पावलं नाचलो आणि तसाच धावत शेजारी गेलो, “बघा गुर्जी, बघा.”

हणमंतरावांनी रुपया घेतला. जनावराकडं बघितलंच न्हाई त्यांनी. बोटानं राजाचा झगा चाचपला.

“कुंकू कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“धुतलं. चंद्रप्रभानं, चुकून.”

“माझ्या आईचं होतं त्यात,” ते म्हणाले. रागानं न्हाई. “तळाशी तिचंच असणार. वरचं हिचं.”

तारामतीवहिनी दारातनं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “असू द्या. बरं झालं, राजाला अंघोळ झाली.” पण मला माहीत हाय, एखाद्याची चेष्टा करायला जावं आणि हातात भलतंच काहीतरी यावं, तसं ते झालं. घरी येऊन मी लवकर झोपलो. झोपेत घुंगरं होतीच.

रविवारची बस. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, दोन्ही बाजूंनी सोयाबीन आणि त्यावर ढगांच्या सावल्या आरामात चालत निघालेल्या. लोह्याच्या अलीकडं मला डुलकी लागली. बघतो तर आमच्या गल्लीत नळाला पाणी आलंय आणि रांगेत राजा उभा. मुकुट, झगा, हातात बादली, बादलीवर खडूनं अठरा नंबर. कुणी त्याला पुढं जाऊ देईना. त्याच्या छातीवरनं ते जनावर सावकाश खाली उतरलं, माझ्याजवळ आलं आणि माझ्या पायाशी बसलं. मी म्हणालो, बाबा रे, तू हायस तरी कोण? तर ते म्हणालं, साहेब, मी अर्ज केलेला हाय, तुमच्याच टेबलावर पडलाय. मी ड्रॉवर उघडतो तर आत सगळ्या सोंडाच सोंडा, फायलींसारख्या बांधून ठेवलेल्या. त्यातली कुठली याची ते मला सापडंना, आणि ते बिचारं नुसतं वर बघून राहिलेलं.

“उठ, नांदेड आलं,” हणमंतराव म्हणाले.

रेणुकादासांचं घर गोदावरीच्या अंगाला. खोली लहान, खिडकीतनं नदीचा उजेड छतावर हलत होता, आणि टेबलावर लाकडी खणांत रुपयेच रुपये, कापसावर झोपवल्यासारखे. त्यांनी डबी उघडली. रुपया कडेनं धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम आजारी माणसासारखा झाला.

“कुणी धुतला?”

“आमच्या मंडळींनी,” मी म्हणालो.

“कशानं?”

“चिंच.”

“नुसती चिंच?”

“राखही होती थोडी.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला न्हाई. मग म्हणाले, “जुना रुपया कधी धुवू नये. चांदीवर काळाची साय धरते. ती खरवडली की मागं उरतो नुसता धातू. या नादातला माणूस आता याला हात लावणार न्हाई.” आणि मग, हणमंतरावांकडं बघून, “पण तुम्हाला विकायचा न्हाईच ना?”

“देव्हाऱ्यातला हाय,” हणमंतराव म्हणाले.

“मग काही बिघडलं न्हाई.”

माझ्या छातीवरचा एक दगड उतरला. दुसरा होताच. मी शर्त सांगितली. रेणुकादास हसायला लागले आणि त्यांनी खणातनं अजून दोन रुपये काढून आमच्या रुपयाशेजारी ठेवले.

“एक सांगतो. रुपया पाडायचा म्हंजे आधी पोलादाचा ठसा कोरायचा. चांदीची चकती मधी घालायची आणि ठसा दाबायचा. एका ठशाखालनं हजारो निघतात. मग ठसा झिजतो, तडकतो, दुसरा करावा लागतो. दुसरा पहिल्यासारखाच करायला जातात, पण होत न्हाई. कुठं पान जाड होतं, कुठं आकडा सरकतो. हा बघा, याच्या तळाच्या फुलाखाली बारका ठिपका हाय. मुंबईच्या टांकसाळीचा. याला ठिपका न्हाई, म्हंजे कलकत्त्याचा. लोकांना सगळे सारखे दिसतात. मला न्हाई दिसत. जुळ्या पोरांच्या आईला विचारा.”

मी दोन्ही बघितले, मग परत बघितले. खरंच ठिपका होता. पन्नास वर्षं मी दुनियेकडं बघून राहिलो, आणि दुनिया ठिपक्यांनी भरलेली असून मला कुणी बोललं न्हाई. छतावर पाणी हलत होतं. मला वाटलं, रजा टाकून इथंच बसावं, आणि निकाल कुणी विचारूच नये.

“मग जनावर?” हणमंतरावांनी विचारलं. आवाज वर्गात पोरगं उभं राहतं तसा.

“हत्ती,” रेणुकादास म्हणाले.

“पण डुक्कर रुपया म्हणतात ना याला?” मी खुर्चीतनं उठलोच. “मी वाचलंय. १९११.”

“म्हणतात. कारागिरानं हत्तीच कोरला होता, पण पहिल्या ठशात सोंड आखूड पडली. लोकांना डुक्कर दिसलं. लई ओरड झाली, तेव्हा सरकारनं रुपये आवरले, पुष्कळसे वितळवले, आणि पुढच्या साली नवा ठसा केला. हा १९१२ चा. सोंड लांब केली, कान मोठा केला. जनावर तेच. ठसा बदलला.”

मी भिंग लावून दोन्हीकडं बघितलं. बाराच्या रुपयावर हत्ती ऐटीत. अकराच्या रुपयावर तोच हत्ती, सर्दी झाल्यासारखा. एकदा कळलं की मग डुक्कर दिसेचना. मी लई प्रयत्न केला.

“तरीपण सगळं जग डुक्कर म्हणत असंल तर...” मी म्हणालो.

“तुम्हाला गल्लीत काय म्हणतात?” रेणुकादासांनी विचारलं.

हणमंतरावांनी ते लगेच सांगितलं. मला ते आजवर माहीत नव्हतं. इथं लिहीत न्हाई.

“मग तुम्ही तसे हाय का?” रेणुकादास म्हणाले. त्यावर निकाल झाला.

परतीच्या बसमधी हणमंतराव एका शब्दानं मला टोचले न्हाईत, आणि ते जास्त लागलं. डबी दोन्ही हातात धरून बसलेले. अहमदपूरला चहा घेताना एवढंच म्हणाले, “बाबांनी भिंग कधी लावलं नसंल. तरी बरोबर सांगितलं.”

“गुर्जी,” मी म्हणालो, “सोंड अर्धीच हाय. म्हंजे अर्धा बरोबर मी. अडीच फेऱ्या मारू का?”

“पाच.”

पुढचे दहा दिवस मी सुटायचे सगळे रस्ते बघितले. कंबर दुखवली. ऑफिसात पोळ्याच्या दिवशीची जादा ड्यूटी मागितली. साहेबांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ऋतुजापुढं विषय काढला, की पोरी, तुझ्या सासरी तुझ्या बापाची इज्जत. ती मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणाली, “पप्पा, वरदनं व्हिडिओवाला सांगितलाय.” चंद्रप्रभानं माझ्यासाठी जुनी धोतरजोडी काढून इस्त्री करून ठेवली. चिंचेची भरपाई ती अशी करून राहिली होती, माझ्या अंगावर.

पोळ्याच्या आदल्या दिवशीच हणमंतराव मला देवणीला घेऊन गेले. संध्याकाळी खांदेमळणी असते, म्हंजे वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मला वाटलं हे माफ असंल. हणमंतरावांनी माझा सदरा काढायला लावला. गरम पाण्यानं त्यांनी माझा उजवा खांदा शेकला, मग हळद-लोणी लावलं, अगदी मन लावून, कुठं गाठ हाय ते बोटानं शोधत. अठ्ठावीस वर्षं फायली वाहिलेला खांदा तो. कुणी त्याला कधी हात लावला नव्हता. माझे डोळे मिटायला लागले.

“उद्या जेवायला या,” ते म्हणाले. मला म्हणाले का त्या खांद्याला, ते कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीपुढं सगळं गाव. रंगवलेली शिंगं, गोंडे, बेगड, वाजंत्री, आणि शंभर-दीडशे देवणी बैल एकापेक्षा एक. माझ्या अंगावर आरशांची लाल झूल. बाशिंग टकलावर ठरंना म्हणून हनुवटीखालनं दोरी. घुंगरं आता कानात नव्हती, गळ्यातच होती. समोरच्या ओट्यावर बजरंगराव पांढऱ्या फेट्यात बसलेले, पंच बसतात तसे. त्यांनी मला ओळखलं. चेहरा हलला न्हाई.

“चल,” हणमंतराव म्हणाले आणि मला त्यांच्या बैलापाशी घेऊन गेले.

बैल एकच होता. पांढऱ्यावर काळे ठिपके, उंच, झूल घातलेला, आणि खुंटागत उभा.

“जोडीचा?” मी विचारलं.

“वानेऱ्या चैत्रात गेला,” ते म्हणाले. “साप. ह्यो शेवऱ्या उजवा हाय. नऊ वर्षं डाव्या अंगाला वानेऱ्या असायचा. आता डावीकडं मोकळं असलं की हा पाऊल उचलत न्हाई. सकाळपासनं ओढून राहिलोय. पोळ्याला बैल देवाला न्यायचाच न्हाई व्हय?”

मला त्या ओट्यावरचं ‘बैलच करतो तुझा’ आठवलं, आणि मी गुर्जींकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत दोरीचा गोंडा नीट करत होते.

मी शेवऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. लोक हसत होते, मोबाईल वर झालेले. शेवऱ्यानं मान वळवली. माझ्या बाशिंगाचा वास घेतला, ते त्याला पटलं न्हाई. मग खांद्याचा घेतला. कालची हळद-लोणी अंगात मुरलेली. त्यानं जीभ काढली, कानसेसारखी खरबरीत, आणि माझा खांदा सावकाश चाटला. एकदा, दोनदा. आणि पाऊल उचललं.

घुंगरं वाजली. त्याची आणि माझी.

पहिल्या फेरीत लई हशा होता. दुसऱ्या फेरीत वरद व्हिडिओवाल्याला घेऊन पुढं पळून राहिला होता. तिसऱ्या फेरीला बजरंगराव ओट्यावरनं उतरले. गर्दी बाजूला झाली. ते माझ्याभोवती एक चक्कर फिरले, पायापासनं वर, जसे प्रदर्शनात फिरतात तसे. मी समोर बघत चालत राहिलो; बैलानं दुसरं काय करावं.

“वशिंड कमी हाय,” ते म्हणाले. मग माझ्या मानेवर हात ठेवून ती जरा खाली दाबली. “मान एवढी वर न्हाई धरायची व्याही. शेवऱ्याला ताठ जोडीदार चालत न्हाई. वानेऱ्या खाली मान घालून चालायचा. हां. असं.”

मी मान खाली घातली. खाली नुसती माती दिसत होती, आणि तिच्यात खुरांचे ठसे, एकावर एक, एकही दुसऱ्यासारखा न्हाई. त्यांच्यामधी माझे अनवाणी पाय उमटत होते. हशा दूर गेल्यासारखा झाला. शेवऱ्याचा श्वास माझ्या कोपराला लागत होता. चौथी फेरी कधी झाली कळलं न्हाई. पाचव्या फेरीला विहीणबाई पुरणपोळीचं ताट घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या, आणि हणमंतरावांनी दोरी सैल सोडली.

“झाल्या पाच,” ते म्हणाले. “फिटली शर्त. काढ बाशिंग.”

मी थांबलो. पण शेवऱ्या थांबला न्हाई, तो सहाव्या फेरीला निघाला, आणि डावीकडं चालायला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं.